केरबाच्या घरची देवी

१

खोक्यात देवी नव्हती.

खोक्यात कापूस होता, कापसावर पांढरं फडकं होतं आणि फडक्यात गुंडाळलेलं दोन किलोचं लोखंडी वजन होतं, भाजीवाल्याकडं असतं तसलं. प्रीतीनं ते उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि काउंटरवर असं आदळलं की काचेखालची जुनी नाणी हलली.

"माझा मुखवटा कुठंय?"

दुकान सयाजीरावांचं. शाहूपुरीत, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. पितळेच्या समया, तांब्याचे हंडे, बंद पडलेली घड्याळं, पडक्या घरांचे कोरीव खांब, असला सगळा जुना माल तिथं विकायला मांडलेला. सयाजीराव वजनाकडं बघत राहिले. तोंड उघडं, भुवया वर. आश्चर्य करावं तर असं.

प्रीतीच्या शेजारी अनुजा उभी होती. दोघी मुंबईत एकाच विमा कंपनीत, बारा वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर. प्रीतीच्या नवऱ्याचा प्रवासाचा धंदा, त्याला परदेशी पाहुण्यांच्या महागड्या रेल्वेची दोन तिकिटं फुकट मिळाली होती, म्हणून दोघी आठ दिवसांच्या सफरीला निघाल्या होत्या. गाडीच्या माहितीपत्रकात तिला 'रुळांवरचं जहाज' म्हटलं होतं. जहाज बंदराला लागतं तशी ती रोज एका गावाला लागायची, पाहुणे उतरायचे, बाजार करायचे आणि भोंगा झाला की परत चढायचे. सन दोन हजार सहाच्या फेब्रुवारीतला तो दिवस कोल्हापूरचा होता. भोंगा पाचला, आणि आत्ता तीन वाजले होते.

मुखवटा त्यांनी सकाळी दहाला घेतला होता. चांदीचा, ओंजळीएवढा, डावा कान जरासा चेपलेला. पैसे दिले, पावती घेतली आणि खोकं दुकानातच ठेवून दोघी गाव बघायला गेल्या होत्या.

"केरबा," सयाजीरावांनी मागच्या दाराकडं हाक मारली. "हिकडं ये."

मागच्या अंगणातून एक साठी उलटलेला माणूस आला. हातात चिंचेचा चोथा, बोटांपासून कोपरापर्यंत हात काळेहिरवे.

"दुपारी दुकानात तू एकटाच हुतास," सयाजीराव म्हणाले. "देवी कुठं घातलीस?"

२

सकाळी सगळं किती गोडीनं चाललं होतं.

सयाजीरावांचा मेहुणा कृष्णात ह्या दोघींना स्टेशनवरूनच दुकानात घेऊन आला होता. "या पावणं, बघायला पैसं पडत न्हाईत," म्हणत त्यानं सगळं दुकान फिरवून दाखवलं. प्रीती समयांमध्ये रमली. अनुजा मागच्या दाराशी थांबली, कारण तिथं केरबा तांब्याचा हंडा घासत बसला होता आणि इतकं मन लावून काम करणारा माणूस तिनं ऑफिसात कधी बघितला नव्हता.

"पाच हायती," तो न विचारताच म्हणाला. "धुतलं की म्होरच्या फळीवर पालथं घालायचं. सुलटं ठिवलं की तळाला पाणी ऱ्हातंय आन् हिरवा डाग पडतोय. चाळीस वर्सं ह्येच करतोय बाई, झोपेत बी हात पालथंच घालत्यात." मग त्यानं मान वर केली. "गाव कुठलं?"

"कागल." तिच्या तोंडून निघून गेलं.

"मी बी कागलचाच की." तो नीट बघायला लागला. "कागलात कुणाच्या? नाक तर पिराजी गुरुजींचं दिसतंय." आणि मग हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "जय भीम."

पिराजी गुरुजी म्हणजे अनुजाचे वडील. नाक त्यांचंच होतं. पण प्रीती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर पोरांचं आडनाव 'कागलकर' लावलं होतं, त्यामुळं ऑफिसात कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं. अनुजा एका समईकडं बघायला लागली. "आम्ही आता मुंबईलाच असतो," ती म्हणाली.

केरबानं मान खाली घातली आणि हंडा घासायला लागला. तिची तिलाच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला, आणि तो राग घेऊन ती दिवसभर हिंडली.

पुढं प्रीतीला मुखवटा आवडला. केरबा तो आतून घेऊन आला तशी ती म्हणाली, "अहो, त्या काळ्या हातांनी नका ना धरू." केरबानं मुखवटा ठेवला आणि हात मागं घेतले. सयाजीराव म्हणाले, "मीच बांधून देतो म्याडम, लगीच घिऊन जावा." माल कुठला ते लिहिलेला एक कागदही त्यांनी पाकिटात घालून दिला. "जुन्या घरातली, नित्य पूजेतली हाय. समदं लिवलंय."

प्रीतीनं कॅमेऱ्यात मुखवट्याचे चार-पाच फोटो काढले. "माझा मामा पुरातत्त्व खात्यात होता," ती म्हणाली. "त्याला फोटो दाखवते. कुठली, कधीची, सगळं सांगेल तो."

"दाखवा की," सयाजीराव हसले. दोरीची गाठ मारता मारता थांबले. मग म्हणाले, "पर आत्ताच कशाला खोकं वागवत हिंडतासा? देऊळ बघा, राजवाडा बघा. जाताना न्या."

आणि त्या दोघी हसत बाहेर पडल्या.

३

"पोलिसांना बोलवा," प्रीती म्हणाली.

"एक मिनिट," अनुजा म्हणाली. विमा कंपनीत तिचं कामच ते होतं, जळलेल्या गोदामांच्या आणि चोरीला गेलेल्या गाड्यांच्या दाव्यांत कोण खरं बोलतंय ते शोधायचं. "आधी दुपारी कोण कुठं होतं ते कळू दे."

कृष्णात म्हणाला, "मी अकरापास्नं अडीचपर्यंत तुमच्याच गाडीच्या पावण्यांसंगट राजवाड्यावर." ते खरं होतं. अनुजानं त्याला तिथं दोनदा बघितलं होतं.

सयाजीराव म्हणाले, "मी एकला घरी जेवाय गेलतो. जेवलो, जरा कलंडलो, ते तुमच्या आदी पाच मिंटं आलोय. खोकं आतल्या कपाटात हुतं. शटरच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडं, एक ह्याच्याकडं."

केरबा म्हणाला, "हंडं धुतलं, फळीवर मांडलं. दीडला शटर वढलं आन् सायकलवरनं घरी गेलतो. बायको आजारी हाय, तिला गोळ्या द्यायच्या असत्यात. दोनला परत आलो त्ये मागं समया घासत बसलोय. कपाटाकडं गेलो न्हाय." त्याचा आवाज चढला नव्हता, पण चिंचेचा चोथा मुठीत पिळला जाऊन त्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. "माझं घर बघा. पिशवी बघा."

"घर कशाला बघायचं?" सयाजीराव एकदम मऊ झाले. "म्याडम, गरीब माणूस हाय. पोलीस नको. मी माझ्या खिशातनं तुमचं समदं पैसं परत देतो. ह्याला आजपास्नं कामावर घेत न्हाय. इषय मिटला. फकस्त त्ये फोटो तेवढं पुसून टाका. देवीचं काम हाय, कोप नको."

प्रीतीला हे फार मोठ्या मनाचं वाटलं. अनुजाला वाटलं नाही. दुकानदार पैसे परत द्यायला स्वतःहून निघाला की तिचे कान टवकारायचे, आणि गेलेल्या देवीच्या फोटोंशी ह्याचं काय अडलं होतं ते तिला कळेना.

"पण ह्यांनी का घेतला असेल?" प्रीतीनं विचारलं. केरबा समोर उभा असून तिनं विचारलं सयाजीरावांना.

"त्याचीच देवी की ती." सयाजीरावांनी आवाज खाली आणला. "त्याच्याच देव्हाऱ्यातली. चौऱ्याण्णव साली त्यानंच मला विकली. आता बायकोच्या अंगात याला लागलंय, मला घरी न्या, मला घरी न्या म्हणून. ह्यांच्यात असतंय त्ये अजून. परवाच बोलला माझ्याजवळ."

"खोटं," केरबा म्हणाला. "सपशेल खोटं."

"कागदावर हाय की. म्याडम, काढा."

प्रीतीनं पर्समधून पाकीट काढलं. कागद अनुजानं वाचला. 'सदर देवी ही केरबा संतू कांबळे, मूळ राहणार कागल, यांच्या घरच्या देव्हाऱ्यातील असून सन १९९४ पर्यंत तीन पिढ्या नित्य पूजेत होती.' खाली निळ्या शाईचा अंगठा.

अनुजानं तो दोनदा वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद खोटा आहे हे तिला पहिल्या ओळीलाच कळलं होतं. कसं कळलं ते सांगायला तोंड उघडावं लागणार होतं. आणि तिचं तोंड, बारा वर्षांच्या सवयीनं, उघडेना.

"घर बघू या," ती म्हणाली.

४

सदर बाजारामागं दोन खोल्यांचं घर. रिक्षातून उतरताना केरबानं पुढं होऊन बायकोला काय ते सांगितलं, त्यामुळं धोंडुबाई दारात उभीच होती. आजारी म्हणून सांगितलेली बाई कमरेवर हात ठेवून.

"या. बघा," ती म्हणाली. "डबं बघा, गाद्या उसवा. चाळीस वर्सं मान मोडून काम केलं, त्येचं ह्ये बक्षीस. आज नाव गेलं तर उद्या ह्यांना हमालीला बी कोण उभं करंल?"

घरात बघण्यासारखं फार नव्हतं. ट्रंक, पलंग, टीव्ही. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली नातवाचं, सम्राटचं, धावण्याच्या शर्यतीचं प्रशस्तिपत्र. प्रीतीनं सगळीकडं नजर फिरवली आणि निरागसपणे विचारलं, "तुमचा देव्हारा कुठंय?"

धोंडुबाई तिच्याकडं बघत राहिली. "कसला देव्हारा?"

"ती देवी होती ना, चौऱ्याण्णवपर्यंत. अंगात येतं ना तुमच्या."

"माझ्या अंगात येतो त्यो राग," धोंडुबाई म्हणाली. "मी लगीन होऊन ह्या घरात आलो तवा हितं एक देव नव्हता. छप्पन सालीच गेलं समदं. सासू सांगायची, आख्ख्या वस्तीतलं देव एका पाटीत घातलं, टाक म्हणू नका, मुखवटं म्हणू नका, आन् दूधगंगेत सोडलं. परत कुणाच्या घरात देव आला न्हाय. चौऱ्याण्णव साली आमी काय इकणार, भिंत?" तिनं नवऱ्याकडं मान वळवली. "सांगा की. गप का बसलाय? पाटी कुणाच्या डोक्यावर हुती सांगा."

केरबा कोनाड्याजवळ उभा होता. "पिराजी गुरुजींच्या," तो म्हणाला. "तवा त्ये नुकतंच मास्तर झालतं. मी चौदा वर्साचा, मागनं चाललोतो. म्होरं प्रौढांच्या वर्गात सही त्येंनीच शिकीवली. मी अंगठा लावत न्हाय बाई. पगाराला सुद्दा सही करतोय." हे सगळं तो प्रीतीला सांगत होता, पण बघत होता अनुजाकडं. चिडून बघत होता. आणि ते बरोबरच होतं.

ह्या पाटीची गोष्ट अनुजानं लहानपणी किती वेळा ऐकली होती. पाटी डोक्यावरून उतरवली तेव्हा मान हलकी झाली आणि पहिल्यांदा ताठ झाली, असं वडील म्हणायचे. त्या मानेचं तिनं काय केलं होतं? समईकडं वळवली होती.

"ते माझे वडील," अनुजा म्हणाली.

प्रीतीला आधी कळलं नाही. मग कळलं. "म्हणजे तू..."

"होय. मी."

"बारा वर्षं, अनुजा. एकदाही बोलली नाहीस. मला काय फरक पडला असता?"

"सकाळी ह्यांना काळे हात लावू नका म्हणालीस."

"काळे होते म्हणून म्हणाले. दुसरं काहीही माझ्या मनात नव्हतं."

"बरं. मग तीन वाजता, एका माणसानं बोट दाखवल्याबरोबर, तुला ते खरं का वाटलं? कृष्णातला चार प्रश्न विचारले आपण. सयाजीरावांना विचारले. ह्यांना तू एक तरी विचारलास?"

प्रीतीचं तोंड लाल झालं. ती काहीतरी बोलणार होती, पण धोंडुबाईनं हात आडवा घातला.

"तुमची भांडणं गाडीत बसून भांडा. आदी ह्येंचं नाव धुऊन द्या. तू गुरुजींची लेक न्हवं? मग हितं उभी ऱ्हाऊन काय करतीयास?"

५

दुकानात परत आले तेव्हा सव्वाचार झाले होते. सयाजीराव बाहेरच्या खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांना कसा जड जात असेल ते अनुजाला आता पक्कं कळत होतं.

"घावली का?" उठून सगळ्यांच्या मागोमाग आत येत त्यांनी विचारलं.

"हितंच घावंल," अनुजा म्हणाली. बोली आपोआप जिभेवर आली, आणि तिनं ती येऊ दिली. "सयाजीराव, तुमचा कागद खोटा हाय. केरबांच्या घरात छप्पन सालापासून देव नाही. आमच्याही घरात नाही, म्हणून मला ठाऊक. आमच्या दोघांच्याही घरचे देव माझ्या बापानं नदीत सोडलेत. आणि केरबा अंगठा लावत नाहीत. कुणाच्या तरी नावावर माल दाखवायचा म्हणून तुम्ही हाताशी असलेल्या गरिबाचं नाव घातलंत. ह्यांच्यात देव्हारा असतो का, एवढं विचारण्याचीसुद्धा तसदी घेतली नाहीत."

"कागद चुकला आसंल," सयाजीराव म्हणाले. "म्हणून काय मी माझ्याच दुकानात चोरी करीन व्हय?"

"सकाळी तुम्ही 'लगेच घेऊन जावा' म्हणत होता. प्रीतीनं पुरातत्त्व खात्यातला मामा काढला आणि तुमचा हात गाठीवर थांबला. मग खोकं दुकानातच ठेवायला लावलंत. कारण ती देवी कुठली हे ओळखणारा माणूस तुम्हाला नको होता. चोरी झाल्यावर पोलीस नको, पैसे परत, आणि फोटो पुसा. ज्याची वस्तू खरोखर चोरीला जाते त्याला फोटो हवा असतो."

"मी घरी जेवत हुतो."

"दीड ते दोन दुकान बंद होतं आणि दुसरी किल्ली तुमच्याकडं होती." आत शिरतानाच जिथं तिची नजर अडकली होती त्या पुढच्या फळीकडं अनुजा गेली. "केरबाकाका, हंडे किती धुतले?"

"पाच."

"कसे ठेवले?"

केरबा उत्तर द्यायला आला आणि फळीसमोर थांबला. दोन वाजल्यापासून तो मागंच होता, आणि तीन वाजल्यापासून त्याला फळीकडं बघायला कुणी उसंतच दिली नव्हती. चार हंडे पालथे होते. पाचवा, कडेचा, सुलटा. त्याच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला.

"ह्यो मी ठिवलेला न्हाय," तो म्हणाला. चोरीचा आळ आल्यावर जेवढा चिडला नव्हता तेवढा तो आता चिडला. "वला हंडा सुलटा? कुणी केलं ह्ये?"

"जन्मात कधी भांडं घासलं नाही अशा माणसानं," अनुजा म्हणाली. "केरबांना लपवायचंच असतं तर देवीवर हंडा पालथा घातला असता, कुणाला दिसलंही नसतं. पण तुम्हाला भांड्यात वस्तू ठेवायची म्हणजे वरून आत टाकायची, एवढंच माहीत. प्रीती, काढ तो कागद."

प्रीतीनं बोळा ओढला. खालचा अर्धा कागद भिजून लगदा झाला होता. तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ओल्या फडक्यातला मुखवटा वर काढला. डावा कान चेपलेला. कागदाच्या शाईनं आणि तळाच्या पाण्यानं तिचा हात कोपरापर्यंत हिरवट काळा झाला होता. तिनं तो बघितला आणि पुसला नाही.

"दाजी," कृष्णात कोपऱ्यातून म्हणाला. "मी सांगितलंतं, ती देवळातली हाय, इकू नगा. पेपरात आलतं. सीमेकडच्या गावातली मान्सं दोन म्हैनं झालं हुडकत्यात तिला."

सयाजीराव खुर्चीत बसले. मग जे बोलले ते केरबाकडं न बघता बोलले. "घेताना मला ठावं नव्हतं. मागनं कळलं. गाडीतनं लांब जाईल, मोकळा हुईन, असं वाटलं. मामाचं ऐकलं आन् धीर सुटला."

"आणि उद्या ते गावकरी आले असते," अनुजा म्हणाली, "तर तुम्ही हाच कागद पुढं केला असता. देवळातली देवी विकणारा केरबा कांबळे. दुकानातून काढलेला, चोर म्हणून नाव झालेला. तुरुंगात ते गेले असते. तुम्ही दुसऱ्या दिवशी शटर उघडलं असतं."



६

चौकीतले हवालदार आले, पंचनामा सुरू झाला. प्रीतीनं कॅमेरा स्वतः त्यांच्या हातात दिला आणि जबाब द्यायला स्टुलावर बसली. पाच वाजता स्टेशनकडून भोंगा ऐकू आला. तिनं मान वर केली, अनुजाकडं बघितलं आणि हवालदारांना म्हणाली, "लिहा पुढं."

रुळांवरचं जहाज त्या दोघींच्या बॅगा घेऊन निघून गेलं. दोघी अजून एकमेकींशी नीट बोलत नव्हत्या. बारा वर्षांचं बोलणं होतं, ते एका भोंग्यात कुठलं संपायला.

केरबा फळीजवळ होता. त्यानं तो पाचवा हंडा बाहेर अंगणात नेला, चिंचेनं पुन्हा घासला, पुन्हा धुतला. अनुजा दारात जाऊन उभी राहिली, सकाळी उभी होती तिथंच. तो काही तिच्याकडं बघेना.

"काका," ती म्हणाली.

"माझं नाव सुटलं, चांगलं झालं," तो हंड्याशी बोलल्यासारखा म्हणाला. "पर कसं सुटलं? मी सकाळधरनं खरंच बोलत हुतो. घरात देव न्हाय, ह्ये मी सांगितलं आसतं तर कुणी ऐकलं आसतं? मुंबईच्या बाईनं सांगितलं तवा खरं झालं. आन् त्या बाईला बी सांगायला चार वाजलं."



"सकाळी तुम्ही मला काहीतरी म्हणाला होता," ती म्हणाली. "मी समईकडं बघत होते."

"ठावं हाय मला."

अनुजानं मागं वळून बघितलं. दुकानात हवालदार होते, सयाजीराव होते, कृष्णात होता, हात काळा झालेली प्रीती होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "केरबाकाका, जय भीम."

आत लिहिणाऱ्या पेनाचा आवाज थांबला. केरबानं तिला थांबायला लावलं, आणि ती थांबली. त्यानं हंड्यातलं शेवटचं पाणी निथळू दिलं, फडक्यानं काठ पुसला, दोन्ही हातांनी हंडा उचलून आत नेला आणि बाकीच्या चारांच्या रांगेत पालथा घातला. मग हात झटकले.

"जय भीम, पोरी," तो म्हणाला. "चल. धोंडी जेवायची थांबली आसंल. मैतरणीला बी बोलीव."